सात रात्रींत श्रीलंका: अख्खं बेट नको, एक वळसा पुरे

सेलूच्या एका निवृत्त गुरुजींनी विचारलं आहे: "डिसेंबरच्या सुट्टीत घरचे पाच जण श्रीलंकेला जायचं म्हणतोय. सोबत चौऱ्याहत्तर वर्षांची आई आहे, माळकरी आहे. एका एजंटाने सात रात्रींत संपूर्ण बेट दाखवतो म्हणून कागद दिलाय. कोलंबो, जाफना, त्रिंकोमाली, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला, गॉल, सगळं आहे त्यात. घ्यावं का? आणि आईच्या जेवणाचं काय?"

गुरुजी, तो कागद घेऊ नका.

मी लातूरहून २०११ पासून श्रीलंकेला माणसं नेतो. पहिल्या वर्षी असाच एक कागद मी स्वतः डोळे झाकून घेतला होता. चौदा माणसं होती. तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीला पोचलो. डिसेंबर होता, पाऊस आडवा मारत होता, आणि सकाळी उठून बघतो तर समुद्र आपल्या गढूळ तळ्याच्या रंगाचा. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. पाचव्या दिवशी औसा तालुक्यातल्या एका काकूंनी मागच्या सीटवरून विचारलं, "बाबा, आपण लंका बघायला आलाव का बस बघायला?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आधी आकार समजून घ्या. श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर आहे. आपल्या मराठवाड्याचे आठ जिल्हे एकत्र केले तर जवळपास तेवढंच भरतं. म्हणजे कुणी तुम्हाला म्हणालं, की सात दिवसांत किनवटपासून परांड्यापर्यंत आणि सिल्लोडपासून निलंग्यापर्यंत सगळं दाखवतो, शिवाय प्रत्येक मुक्काम वेगळा, तर तुम्ही त्याला हसाल. बेटाच्या बाबतीत मात्र आपण फसतो, कारण नकाशावर ते भारताच्या पायाशी पडलेल्या थेंबाएवढं दिसतं.

त्यात तिथलं अंतर किलोमीटरात मोजायचंच नसतं, तासांत मोजायचं. कँडी ते नुवारा एलिया ऐंशी किलोमीटरसुद्धा नाही, पण तीन तास धरा. रस्ते उत्तम आहेत, खड्डे नाहीत, फक्त सगळे वळणाचे आणि गावागावांतून जाणारे. दिवसाला गाडीत चार तास ही मी आखलेली हद्द आहे. एखाद्या दिवशी पाच होतात. सहाव्या तासाला घरातली माणसं एकमेकांशी बोलायचं बंद करतात.

दुसरी गोष्ट पावसाची. आपल्याला एकच पावसाळा माहीत, आणि तोही येईल की नाही याची खात्री नसते. तिथे दोन आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तो कोलंबो-गॉलची बाजू आणि डोंगर भिजवतो. त्या दिवसांत पूर्व किनारा कोरडा आणि सुंदर असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो पूर्व आणि उत्तर धरतो. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर कुठेही, केव्हाही. म्हणून डिसेंबरात त्रिंकोमाली दाखवणारा माणूस एक तर अनाडी आहे, नाही तर त्याच्या रिकाम्या खोल्या तुमच्या गळ्यात मारतो आहे. मुलाची सुट्टी हलत असेल तर फेब्रुवारीत जा. नसेल हलत तर डिसेंबरही चालेल, फक्त छत्री आणि मनाची तयारी ठेवा. सिगिरियाच्या बाजूला दुपारनंतर सरी येतात, सकाळ बहुतेक मोकळी मिळते.

मी तुमच्या जागी असतो तर असा वळसा घेतला असता: सिगिरिया-हबरणा परिसरात ३ रात्री, कँडीत १, एल्लाला २ आणि गॉलला १. चार मुक्काम, तीनदाच बॅगा बांधायच्या. जाफना आणि पूर्व किनारा दुसऱ्या वेळेसाठी ठेवा. 'याला'चं जंगल सोडा. तिथे बिबट्या दिसायला नशीब लागतं आणि जीपगाड्यांची रांग तर दिसतेच दिसते. हत्तीच बघायचे तर एल्लाहून गॉलला उतरताना वाटेतच उडवलवे आहे. जलाशयाच्या काठचं मोकळं गवताळ रान आहे, हत्ती बारा महिने असतात, आणि आईंना दोन-तीन तासांत आटोपतं. कोलंबोला मुक्काम करू नका. विमानतळ शहरात नाहीच, उत्तरेला नेगोंबोजवळ कटुनायके इथे आहे. उतरलात की गाडीत बसा आणि चार तासांत थेट सिगिरिया.

सिगिरियाला तीन रात्री कशाला, असं एजंट म्हणेल. म्हणू द्या. मराठवाड्याच्या माणसाला बघण्यासारखं जे आहे ते याच भागात आहे.

सिगिरिया म्हणजे सपाट रानातून वर आलेला सुमारे दोनशे मीटर उंचीचा एकच खडक. पाचव्या शतकात कश्यप नावाच्या राजाने त्याच्या माथ्यावर महाल बांधला. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सकाळी दार उघडतं तेव्हा पहिल्या लोकांत उभं राहायचं, कारण नऊनंतर दगड तापतो आणि लोखंडी जिन्यावर रांग लागते. वाटेत गप्प राहा अशा पाट्या दिसतील, त्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत. कड्याला गांधीलमाश्यांची पोळी आहेत. आईंना वर नेऊ नका. खाली कश्यपाच्या बागा आहेत, पाण्याचे हौद आहेत, पावसाळ्यात आजही उडणारी कारंजी आहेत, तिथे त्यांचा वेळ छान जातो. बाकीच्यांनी निम्म्या उंचीवरची चित्रं तरी बघावीतच. कमरेखाली ढगात बुडालेल्या, हातात फुलं घेतलेल्या वीसेक स्त्रिया आहेत. फोटो काढू देत नाहीत. ते बरंच आहे, माणूस बघतो तरी.

आता एक काम सांगतो, ते निघण्याआधी करा. अजिंठ्याला जाऊन या. सतरा क्रमांकाच्या लेण्यात उजव्या भिंतीवर सिंहल अवदानाची कथा रंगवली आहे. सिंहल नावाचा व्यापारी जहाज फुटून एका बेटावर पोचतो, तिथल्या राक्षसिणींपासून सुटतो आणि पुढे राजा होऊन सैन्यासह ते बेट जिंकतो. हत्ती नावांतून उतरताना दाखवलेत बघा. हे काम पाचव्या शतकातलं, सिगिरियाच्या चित्रांचंही शतक तेच. आपल्या वाघूर नदीच्या काठी बसून कुणीतरी त्या बेटाची गोष्ट रंगवत होतं त्याच काळात तिकडे कश्यपाचे चितारी कड्याला लटकून काम करत होते. मी आता प्रत्येक ग्रुपला आधी अजिंठा बघून यायला सांगतो. निम्मे लोक ऐकत नाहीत. जे ऐकतात त्यांचे सिगिरियावरचे चेहरे वेगळे असतात.

दंबुल्ला तिथून अर्ध्या तासावर. पाच गुहा, आत दीडशेच्या वर बुद्धमूर्ती, छतभर रंगकाम. वेरूळ-अजिंठा बघितलेल्या माणसाला पायऱ्या चढतानाच ओळखीचं वाटतं, फरक इतकाच की इथे आजही पूजा चालते. पायताण खाली काढून ठेवावं लागतं आणि दुपारी दगड पोळतो. जाडसर मोजे प्रत्येकाच्या पिशवीत हवेत. संध्याकाळी चारनंतर गेलात तर ऊनही कमी आणि माकडंही जरा शांत.

तिसरा दिवस पाण्याला द्या. सहलीच्या कागदावर हे कधीच नसतं आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच आहे.

बेटाचा हा भाग कोरडा आहे. पाऊस वर्षातले थोडे महिने पडतो, नंतर सगळं वाळतं. दोन हजार वर्षांपूर्वीपासून तिथल्या राजांनी काय केलं, तर तळी बांधली. एकाखाली एक, वरच्याचं वाहून आलेलं पाणी खालचं झेलतं. तळ्याला ते 'वेव' म्हणतात. पोलोन्नरुवाला बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहूचं पराक्रम समुद्र आहे. नावच समुद्र! त्याचा बांध सुमारे १४ किलोमीटर लांब आहे. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळू नये, ही या राजाची आज्ञा तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते.

२०१७ साली मी एक ग्रुप नेला होता. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं. ग्रुपमध्ये रेणापूर तालुक्यातले एक शेतकरी काका होते. देवळं, मूर्ती सगळं त्यांनी गुपचूप बघितलं, एक शब्द बोलले नाहीत. पराक्रम समुद्राच्या बांधावर मात्र ते खाली उतरले, पिचिंगच्या दगडांवर हात फिरवला, काठावरची ओली माती चिमटीत घेऊन चोळून बघितली आणि मला म्हणाले, "गाळ कोण काढतंय ह्याचा?" मी ड्रायव्हरला विचारलं. त्याने सांगितलं, पूर्वी गावातल्या प्रत्येक घराने वर्षातले काही दिवस तळ्याच्या कामाला द्यायचे असा नियम होता, आता सरकारी खातं बघतं. काका बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. ठरलेला पुढचा स्पॉट आम्ही सोडून दिला.

तुम्हाला शक्य असेल तर दंबुल्ल्याहून अनुराधपुराकडे जाताना काळवेवचा बांध घ्या. कश्यपाच्या बापाने, धातुसेनाने बांधलेला. कथा अशी सांगतात, की कश्यपाने बापाला कैद करून खजिना कुठे आहे ते विचारलं. म्हातारा त्याला काळवेवच्या काठी घेऊन गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी एवढीच दौलत. कश्यपाने त्याला मारलं आणि नंतर धाकट्या भावाच्या भीतीने त्या खडकावर जाऊन बसला. सिगिरिया आदल्या दिवशी बघून झालेला असतो, त्यामुळे ही गोष्ट पाण्याच्या काठावर उभं राहून सांगितली की बरोबर बसते. इथून अनुराधपुरापर्यंत ८७ किलोमीटरचा जुना कालवा आहे. त्याच्या सुरुवातीच्या भागात उतार किलोमीटरला जेमतेम १० सेंटीमीटर. तुमच्या मुलाला लेव्हलिंगचं काही कळत असेल तर तो तोंडात बोट घालेल. शेजारीच अवुकनाची उभी बुद्धमूर्ती आहे, अखंड खडकात कोरलेली, बारा मीटरच्या वर. गर्दी नसते.

अनुराधपुराला बोधिवृक्ष आहे. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेहून नेलेल्या फांदीचं हे झाड, गेली बावीसशे वर्षं लोक त्याची राखण करत आले आहेत. नांदेड, संभाजीनगरकडची बौद्ध कुटुंबं माझ्याबरोबर असली की मी इथे पूर्ण दिवस ठेवतो, घाई करत नाही. पांढरे कपडे न्यायला सांगतो. बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते, हे घरात वाचलेलं असतं. तिथे गेल्यावर वयस्कर माणसं ते आपणहून नातवंडांना सांगायला लागतात.

पौर्णिमेची तारीख बघून ठेवा. दर पौर्णिमेला तिथे 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते, दारू आणि मांसविक्री बंद. माळकरी माणसाला उत्तमच. मार्गशीर्षातली पौर्णिमा म्हणजे आपली दत्तजयंती, आणि तिथे त्याच दिवशी संघमित्रेच्या आगमनाचा उत्सव. तेव्हा अनुराधपुराला माहूरसारखी गर्दी लोटते. गर्दी झेपत नसेल तर तो दिवस टाळा.

कँडीबद्दल फार लिहीत नाही. दंतमंदिराची, म्हणजे बुद्धांचा दात जपून ठेवलाय त्या मंदिरातली, संध्याकाळची पूजा, तळ्याला एक चक्कर, झोप. ढोल ऐकायला आवडत असतील तर थोडं आधी जाऊन खालच्या मंडपात उभे राहा. वाटेत मातले भागात 'स्पाइस गार्डन' नावाचा प्रकार लागेल. झाडं फुकट दाखवतात, मग गुडघ्याला तेल चोळून देतात आणि शेवटी ते तेल सोन्याच्या भावात विकतात. आईंच्या गुडघ्याचा उल्लेख तिथे चुकूनही करू नका. रत्नांच्या दुकानाचंही तेच. ड्रायव्हर वाईट नसतो, त्याचं कमिशन असतं. पहिल्याच दिवशी त्याला हसून सांगायचं, "दुकानं नकोत, त्याचं आम्ही शेवटी बघू," आणि खरंच शेवटी चांगली बक्षिसी द्यायची.

आता रेल्वे. कँडी ते एल्ला रेल्वेत सात तास लागू शकतात. आईंना ते होणार नाही. कँडीहून पहाटे सहाला गाडीने निघा, वाटेत एखादा चहाचा कारखाना बघा, नुवारा एलियाच्या पुढे सीता एलियाला अशोकवाटिकेचं सीतेचं मंदिर आहे तिथे आईंना नेऊन आणा, आणि मग नानु ओया स्टेशनवर दुपारची रेल्वे धरा. तिथून एल्ला अडीच-तीन तास, आणि देखणा भाग नेमका हाच. रूळ आपल्यासारखेच ब्रॉडगेज आहेत. पट्टिपोला हे बेटावरचं सगळ्यात उंच स्टेशन याच तुकड्यात लागतं. बॅगा घेऊन ड्रायव्हर रस्त्याने पुढे येतो. तिकीट महिनाभर आधी सुटतं आणि बघता बघता संपतं, त्यामुळे ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. एसी डब्याचा हट्ट नको. काचा बंद असतात, फोटोत आपलंच तोंड येतं. दुसऱ्या वर्गाच्या आरक्षित डब्यात खिडकी उघडते आणि चहाच्या मळ्यांतली थंड हवा अंगावर येते. दारात लटकून रील काढणाऱ्या पोरांत आपलं पोरगं नको. जोराचा पाऊस झाला तर डोंगरात दरडी येतात आणि गाडी बंद राहते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करायची.

त्या मळ्यांचा इतिहास मात्र सुनेला-मुलाला सांगा. तिथे आधी कॉफी होती. १८६९ पासून तांबेरा पडला आणि कॉफी मेली, मग चहा आला. गव्हावर तांबेरा काय करतो हे आपल्याला सांगावं लागत नाही. पानं खुडणाऱ्या बायका बहुतेक दक्षिणेतून मजुरीला नेलेल्या तमिळ लोकांच्या लेकी-नाती. आमच्या ग्रुपमधल्या ऊसतोडीच्या गावच्या बाया त्यांच्याकडे बघून फोटो काढत नाहीत, आधी विचारतात, "दिवसाला काय पडतं?"

एल्लाला दुसऱ्या दिवशी काही ठरवू नका. नऊ कमानींचा पूल बघा, १९२१ साली पुरा झालेला, दगड-विटांचा. बाकी दिवस आईंबरोबर व्हरांड्यात बसा.

जेवणाचं. हा भाग नीट वाचा, कारण इथे माझ्याकडून एकदा पाप घडलंय. दुसऱ्या वर्षी ग्रुपमध्ये एक माळकरी आजी होत्या. सकाळी नारळाची लाल चटणी आली, सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली, आजींनी दोनदा घेतली. संध्याकाळी मला कळलं, की त्या चटणीत सुक्या माशाचा चुरा असतो. 'उंबलकड' म्हणतात त्याला. ती तिकडची आपल्या शेंगदाण्याच्या कुटासारखी सवय आहे, डाळीत, भाजीतही पडतो. 'व्हेज' म्हटलं तरी पडतो, कारण त्यांच्या लेखी तो मासा नव्हेच, मसाला. आजींना मी सांगितलं. त्यांनी माळेला हात लावला, रात्री जेवल्या नाहीत, मला मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येक हॉटेलला आधी फोन करतो. तुम्ही दोन शब्द पाठ करा: "उंबलकड नॅतुव," म्हणजे उंबलकडशिवाय. आणि शहरात तमिळ लोकांची 'सैवर', म्हणजे शाकाहारी, हॉटेलं शोधा, तिथे डोसा, इडली, वडा निर्धास्त मिळतो. इडियाप्पम, म्हणजे पिठाच्या वाफवलेल्या शेवया, आणि डाळ आईंना आवडेल. म्हशीच्या दुधाचं दही मातीच्या भांड्यात मिळतं, वर काकवीसारखा कितुल माडाचा पाक घालतात. ते मात्र रोज घ्या. कवठाचं सरबतही मिळतं, 'दिवुल' म्हणून मागा. महाशिवरात्रीला आपण जे कवठ फोडतो तेच. तरी भाजलेल्या पिठाचा एक डबा आणि ज्वारीच्या कडक भाकरी सोबत असू द्या. कांदा-लसूण न खाणाऱ्याला एल्लाला पर्याय कमी आहेत.

पैशाचं थोडक्यात. आपल्या एका रुपयाला त्यांचे साडेतीनच्या आसपास मिळतात, म्हणून आकडे मोठे दिसतात, घाबरू नका. युपीआय २०२४ च्या फेब्रुवारीपासून तिथे सुरू झालं आहे, पण खेड्यातल्या टपरीवर रोख लागते. पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका. सिगिरियासारख्या ठिकाणी सार्क देशांच्या लोकांना कमी दरात तिकीट आहे आणि पासपोर्ट दाखवल्याशिवाय ते मिळत नाही. व्हिसाची परवानगी सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. तशीच दिसणारी खासगी पानं जास्तीचे पैसे घेतात. गाडीचा दर ठरवताना ड्रायव्हरचा मुक्काम आणि जेवण, द्रुतगती मार्गाचा टोल, पार्किंग आणि रोजचे किलोमीटर त्यात धरलेत का हे लेखी घ्या. भांडणं होतात ती याच चार गोष्टींवरून.

मंदिरात खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही. ते लोक फार शांत आहेत, पण यावर चिडतात.

शेवटच्या दिवशी गॉलच्या किल्ल्यात पहाटे तटावरून चाला. डच लोकांनी बांधलेल्या त्या भिंतींनी २००४ च्या त्सुनामीत आतलं गाव वाचवलं, बाहेरचं उद्ध्वस्त झालं. मग द्रुतगती मार्गाने तीन तासांत विमानतळ.

जाताना मुंबईचंच विमान धरलं पाहिजे असं नाही. सेलूहून हैदराबादही रेल्वेने सोयीचं आहे, दोन्हीकडचे दर बघा. आईंचा पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी चालू आहे का ते आज कपाटातून काढून बघा, आणि त्यांना सलग किती पायऱ्या चढवतात ते मला कळवा. दंबुल्ल्याला कोणत्या बाजूने न्यायचं ते त्यावर ठरेल.